काकाकुव्याचे दुखणे

छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाट उतरण्यापूर्वी, कन्नड हे तालुक्याचे गाव लागते. गावाच्या उत्तरेस सातमाळ्याच्या डोंगररांगा आहेत आणि त्या रांगांत गौताळा औट्रमघाट अभयारण्याचे रान पसरलेले आहे. १९८६ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पितळखोऱ्याची प्राचीन लेणी याच रानाच्या कुशीत आहेत. या भागातील मुलांना पोपटाची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. मका आणि ज्वारी दाण्यावर आली, की हिरव्या पोपटांचे थवे कर्कश ओरडत शेतांवर उतरतात आणि माळ्यावरचा राखणदार हाकाटी करून किंवा गोफण फिरवून त्यांना उडवून लावतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पोपट हा उपद्रवी पक्षी होय. परंतु पोपटाच्या दृष्टीने त्याचा दिवस कसा जातो, हेही पाहण्यासारखे आहे. पहाटे थवा झाडावरून उठतो. अन्नाच्या शोधात दूरवर उडत जातो. मग कणसाचे आवरण सोलायचे, शेंगा फोडायच्या, फळांतील बिया काढायच्या, फांद्या कुरतडायच्या, ससाण्याची चाहूल लागताच सर्वांना सावध करायचे, सोबत्याची पिसे विंचरायची, ढोलीसाठी भांडायचे आणि सायंकाळी पुन्हा शेकडोंच्या गलक्यात रात्रीचा निवारा गाठायचा! पोपटाच्या दिवसात रिकामा वेळ फार थोडा असतो. त्याची चोच सतत कामात असते आणि तो स्वतः सतत सोबतीत असतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढे सांगितलेले दुखणे समजण्यास अडचण पडणार नाही.

या हिरव्या पोपटांचा एक दूरचा भाऊबंद म्हणजे काकाकुवा. मलाय भाषेतील 'काकातुआ' या नावावरून हा शब्द तयार झाला आहे. काकाकुव्याच्या एकवीस जाती मानल्या जातात. त्यांची मायभूमी म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि सॉलोमन बेटे. यांतील पुष्कळ जाती शुभ्र पांढऱ्या असतात. डोक्यावर पिसांचा देखणा तुरा असतो. पक्षी आनंदला, दचकला किंवा रागावला, की हा तुरा पंख्यासारखा उलगडतो. काकाकुवा माणसाचा लवकर लळा लावून घेतो, त्याच्या बोलण्याची नक्कल करतो आणि खांद्यावर बसून डोके खाजवून घेतो. या गुणांमुळेच लोकांनी त्याला दूरदेशी नेऊन पिंजऱ्यात ठेवले. भारतातील शहरांत आणि गावांतही काही घरांत आज हा पक्षी पाळलेला आढळतो.

अशा पाळलेल्या काकाकुव्यांपैकी काहींना एक विलक्षण दुखणे जडते. पक्षी आपल्याच चोचीने आपली पिसे उपटू लागतो. प्रथम छातीवरची दोन-चार पिसे जातात. मग छाती उघडी पडते. पाय, पोट आणि पंखांची आतली बाजू बोडकी होते. काही पक्षी एवढ्यावर थांबत नाहीत. ते कातडी चावतात, जखम करतात आणि ती भरू लागली, की पुन्हा उकरतात. पोपटांच्या अनेक जातींत हे दुखणे दिसते. पण काकाकुव्यांत ते विशेष आढळते.

घरातील माणसांना हे पाहून दुःख होते, आणि कधीकधी रागही येतो. कोणी म्हणतो, "पक्षी हट्टी झाला आहे." कोणी म्हणतो, "त्याला वाईट खोड लागली आहे." कोणी पिंजऱ्यावर काठी आपटतो, तर कोणी बोडक्या कातडीला तेल चोळतो. हे सारे उपाय चुकीचे आहेत. काठीने भीती वाढते, आणि तेलाने उरलेली पिसे एकमेकांना चिकटून त्यांचा ऊब राखण्याचा गुण नाहीसा होतो. पिसे उपटणे ही खोड नव्हे. ते एक लक्षण आहे. ज्याप्रमाणे ताप आला असता नुसते अंग पुसून भागत नाही, तर ताप कशाने आला हे शोधावे लागते, त्याचप्रमाणे येथेही मुळाशी जावे लागते.

हा शोध घेण्यासाठी पक्ष्याकडे नीट पाहणे ही पहिली पायरी होय. एक साधी खूण येथे उपयोगी पडते. कोणत्याही पक्ष्याची चोच त्याच्या स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून छाती आणि पाय बोडके, पण डोके व तुरा मात्र सुरेख पिसांनी भरलेला, असे दिसले, तर तो पक्षी स्वतःच पिसे काढतो आहे, असा तर्क करता येतो. डोक्यावरची पिसेही झडत असतील, तर ती दुसरा पक्षी उपटत असेल किंवा पक्ष्याला एखादा रोग झाला असेल. चोचीचा व पिसांचा असा एक विषाणुजन्य रोग आहे. त्यात नवी पिसे वेडीवाकडी येतात आणि गळून पडतात. काकाकुव्यांना तो होऊ शकतो आणि तो इतर पोपटांनाही लागतो. अशा पक्ष्याला तत्काळ इतर पक्ष्यांपासून दूर ठेवावे लागते.

दुसरी पायरी म्हणजे पशुवैद्य. शरीरातील अनेक विकारांमुळे पक्षी पिसे उपटतो. त्वचेवर कीटक असतील, यकृताचा आजार असेल, पोटात दुखत असेल, तर तो नेमक्या त्या जागी चोच मारतो. पिंजऱ्याच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो. पक्षी दिवसभर ती तार चावत राहिला, तर जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. वर्षानुवर्षे केवळ सूर्यफुलाचे बी खाणाऱ्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही आणि त्याची त्वचा बिघडते. डॉक्टर पक्ष्याचे वजन करतात, रक्त व विष्ठा तपासतात, पिसांची मुळे पाहतात. प्रत्येक पशुवैद्याला पक्ष्यांच्या आजारांचा अनुभव असतोच असे नाही. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात प्रथम दाखवून, गरज पडल्यास मोठ्या शहरातील जाणकार डॉक्टरांकडे जावे. मुंबईत परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

जखमेतून रक्त येत असेल, तर मात्र वाट पाहू नये. नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असते. असे कोवळे पीस उपटले गेले, तर रक्तस्राव होतो, आणि एवढ्याशा प्राण्याला थोडे रक्त गेले तरी ते फार असते. जखमेपर्यंत चोच पोहोचू नये म्हणून डॉक्टर काही दिवस पक्ष्याच्या गळ्यात एक रुंद कडे बसवतात. त्यामुळे जखमेला भरून येण्यास अवधी मिळतो. परंतु हे कडे म्हणजे औषध नव्हे. मूळ कारण तसेच राहिले, तर कडे काढताच पक्षी पुन्हा पहिल्यासारखा वागू लागतो.

आता एक प्रश्न उरतो. डॉक्टरांनी तपासले, रोग नाही असे ठरले, तरीही पक्षी पिसे उपटतोच. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी बरेच श्रम घेतले आहेत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी पोपटांच्या एका अमेरिकन जातीवर एक प्रयोग केला व तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तरुण पोपटांचे दोन गट केले. एका गटाच्या पिंजऱ्यात खाण्याचे भांडे, पाणी आणि बसण्याची दांडी एवढेच होते. दुसऱ्या गटालाही आहार मिळत होता. पण त्याशिवाय त्यांच्या पिंजऱ्यात चढण्यासाठी, झोके घेण्यासाठी व कुरतडण्यासाठी वस्तू होत्या, आणि काही खाऊ असा दडवलेला होता, की तो भोके कुरतडून, झाकणे सरकवून, खटपट करूनच मिळावा. काही महिन्यांनी फरक स्पष्ट दिसू लागला. रिकाम्या पिंजऱ्यांतील पोपटांची पिसे खराब होत गेली. काम मिळालेल्या पोपटांची पिसे चांगली राहिली. पुढे रिकाम्या पिंजऱ्यांतील पोपटांनाही तीच साधने दिली, तेव्हा त्यांची पिसेही सुधारू लागली. म्हणजे दोन्ही गटांना पोटभर अन्न होते. उणीव होती ती कामाची.

२०२१ मध्ये कॅनडातील गेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी याच विषयावर आणखी प्रकाश टाकला. त्यांनी ५० जातींच्या सुमारे १,४०० पाळीव पोपटांची माहिती अभ्यासली. त्यांना असे आढळले, की ज्या जातींना रानात कठीण कवचाच्या बिया, टणक फळे यांसारखे अन्न फोडून-सोलून खावे लागते, त्या जातींचे पक्षी पिंजऱ्यात आपली पिसे अधिक प्रमाणात उपटतात. तसेच शरीराच्या मानाने ज्यांचा मेंदू मोठा आहे, अशा जातींत एकच हालचाल पुन्हापुन्हा करीत राहण्याची चमत्कारिक सवय अधिक दिसते.

काकाकुव्याची बुद्धी किती तल्लख असते, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे शास्त्रज्ञांनी फिगारो नावाचा एक छोटा काकाकुवा पाळला होता. त्याची जात इंडोनेशियातील टॅनिंबार बेटांवरची. जाळीच्या बाहेर ठेवलेला दाणा त्याच्या चोचीला पोहोचेना. तेव्हा त्याने जवळच्या लाकडी तुळईची एक लांब ढलपी चोचीने सोलून काढली आणि त्या काडीने दाणा ओढून घेतला! हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ही हकिगत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचे. तेथील पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे घरांपुढील कचऱ्याच्या पेट्यांची जड झाकणे उघडून अन्न काढू लागले. २०१८ पूर्वी शहराच्या केवळ तीन उपनगरांतून अशी बातमी होती. २०१९ च्या अखेरीस ती ४४ उपनगरांतून येऊ लागली. पक्षी एकमेकांचे पाहून ही विद्या शिकले होते.

जी चोच लाकडातून हत्यार घडवते आणि ज्या मेंदूला पेटीचे कुलूप हे आव्हान वाटते, त्यांना चार हात लांबीच्या पिंजऱ्यात कोंडले आणि समोर दाण्याने भरलेली वाटी ठेवली, तर दहा-पंधरा मिनिटांत पोट भरते. मग उरलेला दिवस कसा जावा? आसपास थवा नाही, सोबती नाही, सोलण्याला कणीस नाही. अशा रिकाम्या चोचीला अखेर एकच वस्तू सापडते आणि ती म्हणजे स्वतःचे पीस.

एकदा हे सुरू झाले, की त्याचे चक्र बनते. पोपट पकडण्याची एक जुनी युक्ती होती. दोरीत किंवा काठीत एक पोकळ नळी ओवून ठेवीत. पोपट नळीवर बसला, की त्याच्या भाराने नळी फिरे आणि पोपट उलटा लोंबकळे. भीतीने तो नळी अधिकच घट्ट धरी. पाय सोडले असते, तर तो उडून जाऊ शकला असता. पण घाबरल्यामुळे त्याला तसे सुचत नसे. यालाच शुकनलिका न्याय म्हणतात. संत ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा दृष्टांत घेतला आहे. पिसे उपटणाऱ्या पक्ष्याचीही अशीच अवस्था होते. अस्वस्थता वाटते म्हणून तो पीस उपटतो. उपटल्याने कातडी हुळहुळते. ती हुळहुळते म्हणून तो पुन्हा चोच घालतो. त्यात घरातील माणसे ओरडली, म्हणजे त्याची नळी आणखी फिरते. शिवाय एकट्या पक्ष्याला ओरडणेसुद्धा सोबतीसारखे वाटते. पीस उपटले, की माणूस धावत येतो, हे तो शिकतो.

तेव्हा हे चक्र सोडवायचे कसे? त्यासाठी महागड्या वस्तूंची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती समजुतीची आणि चिकाटीची.

प्रथम पक्ष्याची झोप. काकाकुव्याला रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. रात्री उशिरापर्यंत दिवे आणि दूरदर्शनचा आवाज चालू असलेल्या खोलीत त्याचा पिंजरा ठेवू नये. दुसरी गोष्ट स्नान व ऊन. कन्नडसारख्या कोरड्या हवेच्या प्रदेशात त्वचा लवकर रखरखीत होते. अंगावर कोमट पाण्याचा बारीक फवारा उडवला, तर बहुतेक काकाकुवे पंख पसरून आनंदाने भिजतात. सकाळचे कोवळे ऊन त्यांना मानवते. मात्र पिंजऱ्याचा काही भाग सावलीत असला पाहिजे. तिसरी गोष्ट हवा. बिडी-सिगारेटचा, उदबत्तीचा व चुलीचा धूर पक्ष्याला बाधतो. न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे विस्तवावर फार तापले, तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

आहारात केवळ बिया नसाव्यात. गाजर, लाल भोपळा, हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, फळांच्या फोडी असे पदार्थ असावेत. चहा, चॉकलेट, खारट फरसाण आणि ॲव्होकॅडो हे पदार्थ कदापि देऊ नयेत. आहारात बदल करायचा, तो हळूहळू आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम. मक्याचे कणीस सोलून देऊ नये, पाल्यासकट टांगावे. दाणे वाटीत न ठेवता कागदाच्या पुडीत बांधावेत, बांबूच्या नळीत भरावेत, नारळाच्या करवंटीत गवताखाली लपवावेत. ज्यांवर औषध फवारलेले नाही अशा पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या डहाळ्या कुरतडण्यास द्याव्यात. दोरा, तार, सैल धागे मात्र ठेवू नयेत. त्यांत पाय अडकतो. नव्या वस्तूला काकाकुवा प्रथम भितो. म्हणून ती आधी पिंजऱ्यापासून दूर ठेवावी आणि रोज थोडी जवळ आणावी. पहिले कोडे अगदी सोपे असावे. त्याची त्याला गोडी लागली, म्हणजे दुसरे किंचित कठीण करावे. पुडी फोडण्यात गेलेला प्रत्येक तास हा पिसांवरचा हल्ला टाळलेला तास असतो.

कामाइतकीच सोबतही हवी. पिंजरा अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा येण्या-जाण्याच्या वाटेच्या मधोमध असू नये. एका बाजूने भिंतीचा आधार आणि दुसऱ्या बाजूने घरातील माणसे दिसतील, अशी जागा उत्तम. रोज ठरावीक वेळी त्याच्याशी बोलावे, त्याला पिंजऱ्याबाहेर काढावे, शब्द किंवा छोटे खेळ शिकवावेत. पक्षी शांत असेल, खेळण्यात गुंतला असेल, त्या वेळी त्याचे कौतुक करावे. तो पिसांना चोच लावील तेव्हा आरडाओरडा न करता त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे. त्याला कुरवाळायचे तर डोके आणि मान एवढेच कुरवाळावे. पाठीवर व पंखांखाली कुरवाळल्यास तो माणसालाच जोडीदार समजतो आणि तो माणूस दृष्टीआड होताच बेचैन होतो. दिवसभर कडेवर घेऊन नंतर एकदम एकटे टाकणे हेही बरे नव्हे. थोडा वेळ एकटे राहण्याचीही त्याला हळूहळू सवय लावावी.

घरातील मुलांना या कामी एक मोठी मदत करता येते, ती म्हणजे नोंदवही ठेवण्याची. पक्षी कोणत्या वेळी पिसे उपटतो? घर रिकामे असताना की पाहुणे आल्यावर? नवीन फर्निचर आले, पिंजऱ्याची जागा बदलली किंवा घरातील एखादी व्यक्ती परगावी गेली, त्यानंतर हे वाढले काय? आठवड्यातून एकदा वजन किती भरले? अशा नोंदींतून जे दिसते, ते एका दिवसाच्या पाहण्याने दिसत नाही. बदलही एका वेळी एकच करावा, म्हणजे कशाने गुण आला हे कळते.

गुण येण्यास महिने लागतात. पिसे ठरावीक काळानेच झडतात व नवी येतात, त्यामुळे पक्ष्याने उपटणे थांबवले तरी छाती लगेच भरून येत नाही. पीस पुन्हापुन्हा उपटले गेले, तर त्याचे मूळच मरते आणि तेथे पुन्हा पीस येत नाही. असा पक्षी जन्मभर थोडा बोडका राहील. पण तो खेळतो, खातो, झोपतो आणि स्वतःला जखम करीत नाही, एवढे साधले तरी उपचार सफल झाला असे समजावे. केवळ रूप परत येणे हे उपचाराचे ध्येय नव्हे. दुःख कमी होणे हे ध्येय आहे.

काहींना वाटेल, की एवढ्या खटपटीपेक्षा पिंजऱ्याचे दार उघडून पक्ष्याला गौताळ्याच्या रानात सोडून द्यावे. हा विचार दयाळू दिसतो, पण तो घातक आहे. ते रान काकाकुव्याचे नव्हे. तेथील फळे, तेथील शत्रू, तेथील ऋतू यांपैकी काहीच त्याला ठाऊक नाही. तेथे त्याचा थवाही नाही. माणसाने पाळलेला परदेशी पक्षी तेथे उपाशी मरेल किंवा शिकार होईल. त्याला रोग असला, तर तो रानातील पोपटांनाही लागेल. ज्याने पक्षी घरी आणला, त्यानेच त्याचा सांभाळ केला पाहिजे. ते अशक्य झाल्यास जाणकार डॉक्टरांच्या व वनविभागाच्या सल्ल्याने त्याची योग्य सोय लावली पाहिजे.

म्हणूनच या दुखण्यावरचा उत्तम उपाय पक्षी घरी येण्यापूर्वीच करावा लागतो. काकाकुवा कित्येक दशके जगतो. अमेरिकेतील शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात कुकी नावाचा एक काकाकुवा होता. तो २०१६ मध्ये मरण पावला, तेव्हा ८३ वर्षांचा होता. ज्या मुलाच्या हट्टासाठी असा पक्षी आणावा, तो मुलगा म्हातारा झाला तरी पक्षी जिवंत असू शकतो! शिवाय या पक्ष्यांच्या चोरट्या व्यापाराने त्यांच्या मायभूमीत मोठी हानी केली आहे. इंडोनेशियातील पिवळ्या तुऱ्याच्या एका छोट्या जातीला आज नामशेष होण्याचा अतिशय मोठा धोका आहे. मे २०१५ मध्ये त्या देशातील सुराबाया बंदरात पोलिसांना एका प्रवाशाच्या सामानात असे जिवंत काकाकुवे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत कोंबलेले सापडले. ते चित्र पाहून अनेक नागरिकांना लाज वाटली आणि त्यांनी आपल्या घरचे काकाकुवे सरकारच्या स्वाधीन केले.

आपल्या देशातही या बाबतीत कायदे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार व त्यातील पुढील दुरुस्त्यांनुसार भारतातील रानपोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. काकाकुव्यासारख्या ज्या परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध घातले आहेत, ते जवळ बाळगणाऱ्यांनी त्यांची सरकारकडे नोंद केली पाहिजे, असे नियम २०२४ मध्ये लागू झाले. रानपोपटाचे जखमी पिल्लू सापडले, तर ते घरी न ठेवता वनविभागाला कळवावे, हेच योग्य होय.

मुकी जनावरे बोलत नाहीत असे आपण म्हणतो. काकाकुवा तर शिकवलेले शब्द बोलतो. पण जे त्याला खरोखर सांगायचे असते, ते त्याला शब्दांत सांगता येत नाही. ते तो आपल्या अंगावर लिहितो. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले प्रत्येक पांढरे पीस हे माणसाला विचारलेला एक प्रश्न असते. तो वाचण्यासाठी पक्ष्याच्या सुखदुःखाचा विचार करणारे मन लागते, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी रोज थोडा वेळ देणारे हात लागतात.

स्वाध्याय

१. रानातील पोपटाचा दिवस आणि पिंजऱ्यातील काकाकुव्याचा दिवस यांची तुलना करा.
२. पक्षी स्वतःच पिसे उपटत आहे, हे कोणत्या खुणेवरून ओळखता येते? त्याचे कारण सांगा.
३. डेव्हिस येथील प्रयोगात दोन गटांना काय काय दिले होते? त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
४. 'शुकनलिका न्याय' म्हणजे काय? तो या पाठात कशाला लागू केला आहे?
५. पाळलेल्या काकाकुव्याला रानात सोडणे घातक का आहे?
६. तुमच्या शेताजवळील किंवा घराजवळील पोपटांचे आठ दिवस दुरून निरीक्षण करा आणि ते काय खातात, किती वाजता येतात व कसे वागतात, याची नोंदवही तयार करा.